तुंबलंय कुठे, पाणी चढतंय कुठे

कॅथलॅबच्या दाराशी संमतीपत्रावर सही करताना बहुतेक नातेवाईक एकच प्रश्न विचारतात. "मॅडम, आजार डोक्याचा आहे ना? मग जांघेत सुई कशाला?"

प्रश्न रास्त आहे. घाईत मी "आतून रस्ता आहे, काका" एवढंच सांगते आणि पेशंट आत घेते. आज सुट्टी आहे, तर सविस्तर सांगते.

मी कॅथलॅब टेक्निशियन आहे. कॅथलॅब म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत उपचार करायची खोली. राहायला ठाण्याच्या नौपाड्यात, नोकरी नवी मुंबईत, रोजची ट्रान्स-हार्बर लोकल. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी कोणता उपचार घ्यावा हे सांगणं माझं काम नव्हे. पण शिशाचा एप्रन घालून टेबलाच्या कडेला उभं राहून जे रोज दिसतं, ते घरच्या भाषेत सांगता येईल असं वाटतं.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. 'नस' हा मराठीतला भलताच गोंधळ घालणारा शब्द आहे. मेंदूची नस फुटली, मणक्यात नस दबली, मानेची नस आखडली. तिन्ही वाक्यांत नस वेगळी. मणक्यात दबतो तो मज्जातंतू, म्हणजे निरोप नेणारी वायर. मेंदूत फुटते ती रक्तवाहिनी, म्हणजे पाइप. मानेत आखडतो तो बिचारा स्नायू. तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? आमच्या तळमजल्यावरच्या काकांची या एका शब्दापायी दोन वर्षं गेली. त्यांच्याकडे येतेच.

पाइपांतही दोन जाती. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांना रोहिणी आणि नीला म्हणायचे, आता धमनी आणि शीर म्हणतात. धमनी म्हणजे पंपातून निघालेली दाबाची लाइन. शीर म्हणजे वापरलेलं रक्त परत नेणारी ड्रेनेज लाइन. तिच्यात दाब नसतो आणि तिच्या भिंतीही त्या बेताच्याच असतात. मेंदू वजनाने शरीराच्या साधारण २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं १५ ते २० टक्के रक्त एकटा घेतो. सोसायटीत सगळ्यात लहान फ्लॅट आणि पाण्याचं बिल सगळ्यात मोठं, असा प्रकार. त्यामुळे त्याच्या लाइनीत थोडंही बिघडलं की बोंब लगेच होते.

या लाइनीतला जो बिघाड आमच्या टेबलावर येतो, तो बहुतेक वेळा तीन तऱ्हांचा असतो. पाइप तुंबतो, पाइप फुगतो, नाहीतर पाण्याची लाइन चुकून ड्रेनेजला जोडली जाते. नावं कितीही भारी असली तरी आमची बहुतेक केस या तिन्हींपैकी एकात बसते.

आता जांघेचा प्रश्न. जांघेतली धमनी पेनाएवढी जाड असते, त्वचेपासून जवळ असते आणि बोटाला तिचा ठोका लागतो. तिच्यात शिरलं की वर पोटातून, छातीतून महाधमनीचा हमरस्ता सरळ जातो. हृदयाशेजारच्या वळणावर मानेकडे फाटे फुटतात आणि मानेतून कवटीत. सगळा रस्ता निसर्गानेच खोदून ठेवलेला; हाड फोडायचं नाही, मेंदूला हात लावायचा नाही. हल्ली मनगटातूनही जातात, तेव्हा पेशंट लवकर उठून बसू शकतो. जांघेतून केलं की काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रार त्याचीच. मेंदूत वायर फिरवली त्याचं काही नाही, पाय का दुमडू देत नाही म्हणून भांडतात.

पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहिला एक्स-रे फोटो काढला. पण आत शिरायची सोपी युक्ती सापडली १९५३ मध्ये, स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरांना. सुई टोचायची, सुईतून तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची, मग त्याच तारेवरून नळी सरकवायची. इतकं साधं. पायजम्यात नाडी ओवणाऱ्या कुठल्याही बाईला हे सुचलं असतं असं मला नेहमी वाटतं. आजही प्रत्येक केस याच युक्तीने सुरू होते.

नळी मानेपर्यंत पोचली की त्यातून आयोडिनयुक्त औषध सोडतात. त्याला आम्ही सगळे डायच म्हणतो. मशीन आधी नुसत्या कवटीचा फोटो घेतं, मग डाय आत असतानाचा, आणि दुसऱ्यातून पहिला वजा करतं. हाडं पुसली जातात, उरतात फक्त रक्तवाहिन्या. लहानपणी वहीत ठेवलेल्या पिंपळपानाची महिन्याभराने जशी जाळी व्हायची, तसं चित्र पडद्यावर उमटतं. यालाच डीएसए म्हणतात. पेशंट जागा असेल तर त्याला तोंडाच्या एका बाजूला गरम वाफ आल्यासारखं वाटतं, कुणाला डोळ्यांपुढे चमकतं. नळी आत फिरताना सहसा काही जाणवत नाही. डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते, बघतात. आयोडिनच्या डायची पूर्वी कधी अ‍ॅलर्जी आली असेल, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते न विचारता सांगावं.

आता माझ्या कामातली एक गोष्ट, जी नातेवाइकांना कधीच दिसत नाही. प्रत्येक नळीला सलाइनची एक पिशवी जोडलेली असते, दाबाखाली, थेंब थेंब सतत चालू. नळीत रक्त थांबून गोठू नये म्हणून. प्रत्येक सांधा जोडताना मी नळी उजेडात धरते आणि टिचकी मारत मारत बुडबुडे वर आणून बाहेर काढते. हाताच्या शिरेत एखादा बारीक बुडबुडा गेला तर फुप्फुसात अडकून जिरतो. मेंदूच्या धमनीत गेला तर तो बुडबुडाच पॅरालिसिसचा झटका ठरू शकतो. म्हणून 'बिनटाक्याचं, बिनधोक ऑपरेशन' अशी जाहिरात वाचली की माझं डोकं फिरतं. टाका नसतो हे खरं. पण उपचार चालू असताना गाठ सुटून पुढे जाऊ शकते, धमनीला आतून चीर पडू शकते, फुगा टेबलावर फुटू शकतो. कमी वेळा होतं, पण होतं. संमतीपत्रावर ते छापलेलं असतं. वाचा आणि विचारा.

पहिला प्रकार तुंबण्याचा. हृदयात नाहीतर मानेच्या धमनीत बनलेली रक्ताची गाठ वाहत जाऊन मेंदूच्या धमनीत अडकते. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ जड होते. उजवा हात गेला तर गाठ बहुधा डाव्या मेंदूत. दुखणं दिसतं एकीकडे आणि असतं दुसरीकडे, याची ही पहिली चुणूक. मोठी धमनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला. गायमुखला किंवा माजिवड्याला अँब्युलन्स अडकलेली दिसली की मला हा आकडा आठवतो आणि मी दुसरीकडे बघते.

झटका आला की पहिलं काम सीटी स्कॅन. तुंबलंय की फुटलंय हे बाहेरून कुणालाच कळत नाही आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. म्हणून घरात 'रक्त पातळ करायची गोळी' देऊ नका. पाणीही पाजू नका. घसा लुळा असेल तर ते श्वासनलिकेत जातं. तुंबलेलं असेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. मोठी गाठ नुसत्या इंजेक्शनने बहुतेक वेळा हलत नाही, तिथे आमचं काम येतं. जाळीची बारीक नळी गाठीत उघडायची, गाठ तिच्यात रुतू द्यायची आणि मागून पंपाने ओढत सगळंच बाहेर काढायचं. किंवा थेट जाड नळीने शोषून घ्यायची. याला थ्रॉम्बेक्टमी म्हणतात.

एकदा पहाटे फोन आला. मुलगा म्हणत होता, आईला पाच वाजता झटका आला. डॉक्टरांनी विचारलं, पाचला आला की पाचला दिसला? शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलं? रात्री साडेदहाला, मालिका संपल्यावर. म्हणजे घड्याळ साडेदहापासून. पूर्वी अशा केसला हात लावत नसत. २०१८ च्या सुमारास दोन महत्त्वाच्या चाचण्यांचे निकाल आले. मेंदूचा वाचवण्यासारखा भाग अजून शिल्लक आहे असं स्कॅनमध्ये दिसलं, तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत गाठ काढून फायदा होतो. बाईंच्या स्कॅनमध्ये तो दिसला. दुसऱ्या खेपेला गाठ आली. गॉजवर ठेवली तेव्हा डाळिंबाच्या अर्ध्या दाण्याएवढी, काळपट लाल. एवढ्याशा दाण्याने एका बाईचं बोलणं बंद केलं होतं. पडद्यावर जिथे काळोख होता तिथे पिंपळपानाची जाळी पुन्हा उमटली.

प्रत्येक वेळी असं होत नाही, हेही सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये ५०० पेशंटवर झालेल्या ज्या चाचणीमुळे हा उपचार जगभर मान्य झाला, तिचे आकडे २०१५ च्या सुरुवातीला छापून आले. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे शंभरात साधारण ३३, आणि थ्रॉम्बेक्टमीशिवाय १९. फरक मोठा आहे. पण ३३ म्हणजे १०० नव्हे. 'गाठ निघाली' आणि 'माणूस बरा झाला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

माझं एक मागणं आहे. तुमच्या घरापासून जवळ कुठे २४ तास सीटी आहे आणि कुठे रात्री दोनलाही थ्रॉम्बेक्टमी होते, हे आजच विचारून ठेवा. दोन्ही एकाच ठिकाणी असतील असं नाही. जवळच्या ठिकाणी इंजेक्शन चालू करून पुढे पाठवतात, तेही चालतं. तीन हॉस्पिटलांच्या दारात चौकशी करत फिरणं मात्र चालत नाही. १०८ ला फोन केलात तर 'पॅरालिसिसचा झटका' असे स्पष्ट शब्द वापरा, 'चक्कर आली' म्हणू नका.

दुसरा प्रकार फुगण्याचा. सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा यायचा, आठवतं? धमनीच्या फाट्यावर, जिथे रक्ताचा मारा बसतो, तिथे भिंत पातळ होऊन तसाच फुगा येतो. अ‍ॅन्युरिझम. शंभर मोठ्या माणसांत साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. दुसऱ्याच कारणाने एमआरआय काढला आणि छोटा फुगा सापडला म्हणून रडत येणारे लोक असतात. आकार, जागा, ब्लड प्रेशर, सिगारेट, घरात कुणाला झालं होतं का, हे सगळं मांडून कित्येकदा डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. त्यात डॉक्टरांची टाळाटाळ नसते.

फुटला तर मात्र खेळ वेगळा. डोक्यात कुणी वरवंटा घालावा तशी कळ, एका क्षणात शिगेला, पाठोपाठ उलटी. आणि आपल्याकडे डोकेदुखी अधिक उलटी म्हणजे काय? पित्त! सुंठ उगाळून लावतात, खोलीत अंधार करून झोपवतात. आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी अचानक आली तर पित्ताला दोष देण्याआधी सीटी करा. पहिली गळती कधी कधी छोटी असते. दुसरी बहुतेकदा नसते. अचानक एक पापणी मिटली आणि बाहुली मोठी झाली, तर तीही डोळ्यांच्या डॉक्टरकडे आठवड्याने दाखवायची गोष्ट नाही. फुगा मागून डोळ्याच्या मज्जातंतूवर दाबत असू शकतो.

फुगा बुजवायला प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी वापरतात, कॉइल. अगदी बारीक नळीतून ती आत सोडली की फुग्यात गिरक्या घेत लोकरीच्या गुंड्यासारखी बसते. जागा पसंत पडेपर्यंत डॉक्टर ती आत-बाहेर करतात. पसंत पडली की विजेचा हलका प्रवाह सोडून मागची तार सुटी करायची. ही प्रवाहाने सुटणारी कॉइल गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी १९९० मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्यांदा पेशंटमध्ये वापरली. त्याआधी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणं, म्हणजे क्लिप, हाच खात्रीचा मार्ग. २००२ मध्ये २१४३ पेशंटची तुलना प्रसिद्ध झाली. वर्षभराने मेलेले किंवा परावलंबी झालेले कॉइलच्या गटात २३.७ टक्के, क्लिपच्या गटात ३०.६ टक्के. पण ते दोन्ही उपचार चालतील असे निवडलेले फुगे होते. काही जागी आजही क्लिपच बरी पडते, आणि 'उघडून करायचं म्हणतायत म्हणजे डॉक्टर जुन्या वळणाचे' हा समज चुकीचा.

फुग्याचं तोंड रुंद असेल तर कधी मूळ धमनीतच दाट विणीची जाळी बसवतात. रक्त सरळ निघून जातं, फुग्यात साचलेलं गोठतं. मग काही महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या. दाढ काढायची म्हणून कुणी त्या परस्पर बंद केल्या तर जाळीच तुंबते.

फुटलेल्या फुग्याला कॉइल झाली की नातेवाईक पेढे आणतात. मी घेते, पण मनातून घाबरलेली असते. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या धमन्या सांडलेल्या रक्तामुळे आवळतात. कॉइल उत्तम बसलेली असतानाही तेव्हा झटका येऊ शकतो. निमोडिपिन दर चार तासांनी, २१ दिवस देतात ते याच्यासाठी. रात्री दोनलाही उठवून गोळी देतात म्हणून सिस्टरवर चिडू नका.

तिसरा प्रकार चुकीच्या जोडाचा, आणि मला विचाराल तर सगळ्यात चमत्कारिक. धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांची बारीक जाळी असते, तिथे दाब मरतो. ही जाळी वगळून धमनी थेट शिरेला जोडली गेली तर दाबाचं रक्त ड्रेनेजमध्ये घुसतं.

घोडबंदर रोडवर बाइकवरून पडलेला पोरगा. हाड मोडलं नाही म्हणून घरी गेला. काही दिवसांनी एक डोळा लाल, पुढे आलेला. 'डोळे आलेत' म्हणून ड्रॉप घातले. त्याची एकच तक्रार राहिली, रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात ठोक्याबरोबर सूं-सूं आवाज येतो. डोळ्यामागे कवटीत शिरेची एक पोकळी आहे आणि तिच्यातूनच मुख्य धमनी जाते. मार लागून धमनीला तिथे भोक पडलं होतं. डोळा बिचारा तुंबलेल्या ड्रेनेजचा धनी. कॉइलने भोक बुजवलं, टेबलावरच कानातला आवाज थांबला. लाली उतरायला वेळ लागला. हेल्मेटवर भाषण देत नाही, तो आता घालतो.

जन्मजात असा गुंता मेंदूत असला तर त्याला एव्हीएम म्हणतात. त्यातून रक्तस्राव व्हायची शक्यता वर्षाला साधारण २ ते ४ टक्के. तो बुजवायला डिंकासारखं द्रव्य भरतात. त्यातलं एक ज्या द्रावणात विरघळवलेलं असतं, ते फुप्फुसातून बाहेर पडतं आणि पेशंटच्या श्वासाला लसणाचा वास येतो, दिवसभर तरी. एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायचं सोडून यांना चटणी कोणी दिली? न फुटलेल्या एव्हीएममध्ये मात्र हात घालावा की नाही यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. २०१४ मध्ये छापलेल्या एका मोठ्या चाचणीत, सरासरी ३३ महिन्यांत, हात लावलेल्यांपेक्षा नुसती औषधं दिलेल्यांची अवस्था चांगली निघाली.

आता काका.

वय चौसष्ट, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त, रोज संध्याकाळी मासुंदा तलावाला दोन फेऱ्या. पहिल्यांदा स्टेशनचा पूल चढताना पाय शिशाचे झाले. बसले, दहा मिनिटांनी बरं वाटलं. मग चालायचं अंतर कमी होत गेलं. तळव्यांखाली कापूस असल्यासारखं वाटायला लागलं. एकदा जिना उतरून गेटपर्यंत आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. कुठे निसटली त्यांना कळलंच नाही. कमरेचा एमआरआय झाला, रिपोर्टात खालच्या दोन मणक्यांमध्ये गादी सरकून नस दबल्याचं लिहिलेलं. चौसष्टाव्या वर्षी कुणाचाही एमआरआय काढला तरी असं काहीतरी निघतंच. पट्टा, शेक, फिजिओ, मालीश. वर्ष गेलं. मग लघवी अडखळायला लागली. एका हॉस्पिटलात मज्जारज्जूला सूज म्हणून स्टिरॉइडच्या सलाइन लावल्या आणि दोन दिवसांत पाय आणखी गेले. घरात सगळे म्हणाले, औषध लागू पडलं नाही. खरं तर असं बिघडणं हीच एक खूण होती.

पुढे एका न्यूरोलॉजिस्टने संपूर्ण मणक्याचा एमआरआय काढला. मज्जारज्जूचं खालचं टोक सुजून पांढरं झालेलं आणि त्याच्या मागे काळ्या मुंग्यांची रांग जावी तसे ठिपके. ते ठिपके म्हणजे फुगलेल्या शिरा. मला राग याचा आला की जुन्या कमरेच्या फिल्मवरही, अगदी वरच्या कडेला, ती सूज अर्धवट दिसत होती. सगळे खाली गादीकडे बघत होते.

काकांना मी चिखलवाडीच्या, म्हणजे आमच्या दर पावसात पाणी भरणाऱ्या वस्तीच्या भाषेत समजावलं. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी का भरतं? नळ फुटतो म्हणून नव्हे. खाडीला भरती असते, नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, उलट मागे दाबतं आणि तळमजल्याच्या न्हाणीघरातून वर येतं. तुमच्या मणक्यात तेच झालंय. मज्जारज्जूच्या आवरणात एक बारीकशी धमनी चुकून ड्रेनेजच्या शिरेला जोडली गेलीय. दाबाचं रक्त उलटं शिरतंय, त्यामुळे मज्जारज्जूचं वापरलेलं रक्त बाहेर पडत नाही, तो भिजून सुजलाय. चाललात, जोर केलात की पंप वाढतो, दाब वाढतो, पाय जातात. आणि जोड कुठेही असो, पाणी साचतं तळमजल्यावर, मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाशी.

काका म्हणाले, "म्हणजे नस दबलीच नव्हती?"

"दबली असेलही थोडी. पण ती नस वेगळी."

या आजाराला स्पायनल ड्युरल फिस्टुला म्हणतात. पन्नाशी-साठीच्या पुरुषांना जास्त होतो, आणि ओळखायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. दुर्मीळ आहे, प्रत्येक कंबरदुखीत तो शोधायचा नसतो. पण चालल्यावर पाय जाणं, तळवे बधिर होणं आणि लघवीची तक्रार ही तिन्ही एकत्र वाढत असतील तर नुसत्या कमरेच्या फिल्मवर समाधान मानू नये.

जोड नेमका कुठे हे शोधणं हे आमच्या लॅबमधलं सगळ्यात चिवट काम. मणक्याच्या प्रत्येक पातळीवर डावी-उजवी अशा बारीक धमन्या महाधमनीतून निघतात. एकेकीत नळीचं टोक अडकवायचं, डाय सोडायचा, श्वास रोखायला सांगायचा, फोटो घ्यायचा, पुढची. मी बाजूला कागदावर खुणा करत जाते, डावी आठ झाली, उजवी आठ झाली. एक राहिली तर नेमकी तीच असते. यातच एक धमनी अशी असते जी मज्जारज्जूच्या खालच्या अर्ध्या भागाला पोसते, बहुतेकदा डावीकडे, छातीच्या शेवटच्या काही मणक्यांच्या पातळीवर. ती चुकून बंद झाली तर दोन्ही पाय जाऊ शकतात. म्हणून आधी ती शोधून नाव घालून ठेवायची.

काकांचा जोड सापडला छातीच्या सातव्या मणक्यापाशी, उजवीकडे. तक्रार पायांत, सूज पाठीच्या तळाशी, मूळ खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाजवळ, आणि सुई जांघेत.

तिथे गोंद भरला. हा गोंद फेविक्विकच्याच कुळातला. नुसता वापरला तर रक्त लागताक्षणी धरतो, म्हणून तो खसखशीच्या आयोडिनयुक्त तेलात मिसळतात; तेल जास्त तर गोंद सावकाश धरतो आणि लांब जातो. सलाइन लागलं तरी तो नळीतच घट्ट होतो, म्हणून त्या क्षणी सगळं सलाइन बाजूला करून नळी ग्लुकोजच्या पाण्याने धुवायची. ती वाटी माझ्या हातात असते आणि तेव्हा लॅबमध्ये कुणी बोलत नाही. गोंद धमनी ओलांडून शिरेच्या तोंडापर्यंत पोचलाच पाहिजे. अलीकडेच थांबला तर काही दिवसांनी शेजारची दुसरी धमनी तोच जोड पुन्हा चालू करते. फार पुढे गेला तर ड्रेनेजच बंद. तिथपर्यंत पोचत नसेल तर सर्जन मणका थोडा उघडून ती शीर तोडतात. त्या ऑपरेशनचं यश गोंदापेक्षा जास्तच आहे. काकांचा गोंद पोचला.

खर्चाचं विचाराल तर कॉइल, जाळ्या, नळ्या यांचंच बिल मोठं होतं. महात्मा फुले योजनेत तुमची नेमकी केस बसते का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून काही मिळत नाही.

काकांना आता दीड वर्ष झालं. पायात जोर बऱ्यापैकी आला. लघवीची तक्रार पूर्ण गेली नाही, ती बहुतेकांची पूर्ण जात नाही. तळव्यांना अजून नीट कळत नाही म्हणून त्यांनी चप्पल सोडून मागे पट्टा असलेली सँडल घेतलीय. या जुलैत भरतीच्या दिवशी पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं तेव्हा ते दारात खुर्ची टाकून बसले होते. मी एप्रनची पिशवी डोक्यावर धरून भिजत आत आले.

"बघ," ते म्हणाले, "पाऊस थांबून तास झाला. तरी चढतंय."